माझी हरकत फेटाळण्याबाबत

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा. पेनाचं टोपण कपाटाखाली गेलं होतं, ते काढताना पालथा पडलोच होतो, तेव्हा तो नमस्कार तुझ्या नावे घातला.) इकडे सगळे बरे. तुझी कंबर कशी आहे? लेकीकडे जाऊन दोन महिने झाले, जावई अजून गोड बोलतात का? तू समितीच्या सभेतून तडक उठून गेलीस, त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही काढणार नाही. भर सभेत अध्यक्षांनी तुला 'थोडक्यात बोला' म्हणावं म्हणजे काय! जी बाई घरात कधी थोडक्यात बोलली नाही, ती नगरपालिकेत का बोलेल? मी तिथे असतो तर टेबल उलटं केलं असतं. (प्राचार्यांचं केलंच होतं. म्हणून तर कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं आणि तू मला 'अर्ध्यावरचा' म्हणायला लागलीस.)

आता माझं ऐक. चष्म्याच्या दुकानासमोरचा बसथांबा तुला माहीत आहे. त्या दुकानात एक मुलगी लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघते. मी रोज साडेनऊ ते साडेदहा त्या थांब्यावर उभा असतो. याहून जास्त आत्याला लिहायला लाज वाटते. (सहा महिने झाले. नंबर नसताना दोनदा डोळे तपासून घेतले.) अशात खांबावर नोटीस लागली की तुझ्याच परिवहन समितीनं हा थांबा दवाखान्याच्या फाटकासमोर हलवायचं ठरवलंय, कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी मागितलाय हा बदल, कशासाठी, याची चौकशी शहाण्या माणसानं केली असती. मी सात पानं लिहिली. 'या थांब्याशी नागरिकांच्या भावना निगडित आहेत' हे वाक्य त्यात चार वेळा आलं.

अख्ख्या शहरातून हरकत आली ती ही एकच, त्यामुळे समितीनं तिला जावयासारखं वागवलं. भावना खरंच निगडित आहेत का, हे पाहायला उपसमिती नेमली. दोन सभासद तीन दिवस वही घेऊन थांब्यावर बसून होते. मला वाटलं, बसची वाट बघतायत बिचारे. एकाला तर मी सरकून सावलीत जागा दिली. मग सुनावणीला हेडक्लार्कनं अहवाल वाचला. गटाराच्या निविदा ज्या आवाजात वाचतो, त्याच आवाजात: 'सकाळी साडेनऊ ते साडेदहा एक तरुण नागरिक सातत्याने हजर. बस आली तरी चढत नाही. तोंड चष्म्याच्या दुकानाकडे. सुस्कारे, तीन दिवसांचे मिळून, एकोणीस.' आणि आत्या, थांबा हलवा असा अर्ज करणारी व्यक्ती समोरच्याच बाकावर बसली होती. तीच. शेजारी तिचे वडील.

वडिलांची डावी बाजू लुळी पडली होती, आता हळूहळू सुधारतेय. आठवड्यातून तीनदा व्यायामाला दवाखान्यात जातात. थांब्यापासून फाटकापर्यंत जाताना तीनदा टेकावं लागतं. तिनं अर्ज दिल्याला सतरा महिने झाले. सतरा महिन्यांनी विषय वर आला, आणि आडवा आलो मी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं; पण नगरपालिकेची फरशी आहे, वीस वर्षं नुसती हलते, दुभंगत नाही. जिन्यात ती मला म्हणाली, "सात पानं लिहायला वेळ आहे आणि एक वाक्य बोलायला तोंड नाही?" वडील म्हणाले, "पोरा, मी चालेन अजून. पण तू एकदा तरी चढ रे बसमध्ये. कंडक्टरला वाईट वाटत असेल."

मी तसाच मागे फिरलो आणि हेडक्लार्कला म्हटलं, हरकत परत द्या, फाडून टाकतो. तो म्हणाला, सुनावणी झालेली हरकत मागे घेता येत नाही, ती समितीनंच फेटाळावी लागते. फेटाळायला सभा, सभेला कोरम, कोरमला सातातली पाच डोकी. चार येतात. (त्यातलं एक झोपतं, पण मोजताना चालतं.) पाचवा आत्तापर्यंत यायचा, आता त्याचा पाय प्लास्टरमध्ये. सहाव्यानं राजीनामा दिलाय, तो मंजूर होत नाही, कारण मंजूर करायला कोरम नाही. सातवं कोण ते मी लिहीत नाही, त्या विषयावर अक्षरही काढायचं नाही असं वर ठरलंय. महिनाअखेर समितीची मुदत संपते. मग नवी समिती, नवा अर्ज आणि त्या माणसाची पुन्हा सतरा महिने पायपीट.

असो. मला काही नको. तुझी आठवण आली म्हणून लिहिलं. प्रकृतीला जप.

तुझा भाचा,
अर्ध्यावरचा

ता. क. शेवटची सभा गुरुवारी अकराला आहे. तू ये आणि माझ्या विरुद्ध मत दे. आयुष्यात एकच गोष्ट शेवटाला न्यायला निघालोय, आणि ती म्हणजे माझा पराभव. एवढं कर.

ता. क. दुसरा. अध्यक्षांना घरी जाऊन भेटलो. टेबलाला हात लावला नाही. ते म्हणाले, 'त्यांना म्हणावं, या. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवतो.' ओशाळले होते, खरंच.

ता. क. तिसरा. हल्ली आठवड्यातून तीनदा मीच वडिलांना हात देतो. दोनशे बारा पावलं आहेत. पत्रपेटीपाशी टेकतो, मग शिंप्याच्या पायरीवर, मग दवाखान्याच्या भिंतीला. ती पिशवी घेऊन पुढे चालते आणि टेकलो की वळून बघते. थांबा हलला की हे सगळं संपेल. तरी तू ये.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवायच्या आधी तिनं पत्र मागून घेऊन वाचलं. (सुस्काऱ्यांपाशी हसली.) तिसरा ता. क. दोनदा वाचला आणि म्हणाली, "थांबा हलेल, पण बसची पायरी उंचच राहणार आहे. बाबांना उतरवायला कुणीतरी लागेलच." तेव्हा आत्या, माझा विषय एका मिनिटात उडवून लाव. मात्र बसच्या पायऱ्या खाली आणा असं तिथे कुणी म्हणालंच, तर उठून उभी राहा, आणि तेव्हा अजिबात थोडक्यात बोलू नकोस.