केंद्रातल्या बाईंनी मला काहीही सांगितलं नाही

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच मान्य करून घे. (का धरली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे बरे असतील आणि भावोजींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे मी मुळीच नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे तूच मला शिकवलंस.

ताई, तुझ्या भावाचा अपमान झाला आहे, आणि तोही कायद्याने.

गेल्या सोमवारी मी मशीनमध्ये कपड्यांची एक खेप टाकून दुसरीचे कपडे निवडत होतो. (हो, मीच टाकतो. हसू नकोस.) खिसे चाचपताना तुझ्या भाचीच्या जीन्समधून चिठ्ठी निघाली: एचआयव्ही तपासणी केंद्र, टोकन सतरा. मुलगी सोळाची, टोकन सतरा! माझे पाय लटपटायला लागले, म्हणून मशीनवरच बसलो. मशीन चालू होतं, त्यामुळे माझं लटपटणं कुणाला वेगळं दिसलं नसतं. तिच्या आईला सांगितलं नाही, तिला रक्तदाब आहे. मुलीला विचारलं नाही, कारण तिला काही विचारलं की ती उलट विचारते आणि शेवटी उत्तर मलाच द्यावं लागतं. दुकानाचं शटर ओढलं आणि तडक केंद्र गाठलं.

केंद्र म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखालची एक खोली. पाटी एवढीशी, की माझ्यासारख्या चष्मेवाल्यालासुद्धा नाक लावून वाचावी लागली. आत चार खुर्च्या, एक पाण्याचा कूलर आणि टेबलामागे समुपदेशक बाई. मी नाव सांगितलं, नातं सांगितलं, ओळखपत्र ठेवलं. बाई म्हणाल्या, "ती इथे आली होती असं मी सांगू शकत नाही." म्हटलं, म्हणजे आली नव्हती? तर म्हणे, "तेही सांगू शकत नाही."

आता तूच सांग! जिच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही लागते, सहलीच्या फॉर्मवर लागते, अगं शाळेच्या नाटकात झाड व्हायचं तरी लागते, तिच्या रक्ताचा विषय निघाला की मी परका? निम्मं रक्त माझं आहे! सोळा पूर्ण झाली की मुलं आपली आपण तपासून घेऊ शकतात आणि त्यांच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नाही, असा नवा कायदा झाला आहे म्हणे. ज्यांनी केला त्यांना मुलं नसणार, किंवा असली तर ती त्यांच्याशी बोलत असणार. मी दुकानात कुणाच्या चष्म्याचा नंबर किती वाढला ते अख्ख्या गल्लीला सांगतो. कुणाची तक्रार आहे? (पोस्टमास्तर हल्ली दुसऱ्या दुकानात जातात, पण त्याचं कारण वेगळं असेल.)

मी ठणकावून सांगितलं, उठणार नाही. बाई म्हणाल्या, बसा. तीन तास बसलो. तेवढ्या वेळात गणवेशातली एक मुलगी दारात आली, मला बघितलं आणि आल्या पावली परत गेली. मग दोन मुलगे आले. मी आपुलकीने विचारलं, कुठल्या शाळेतले, वडील काय करतात, तर असे पळाले की एकाची चप्पल मागेच राहिली. मग आत आले आमच्या वरच्या मजल्यावरचे शिंपी. ताई, विचार करायला वेळच नव्हता, मी कूलरमागे दडी मारली. कंबर गेली ती तिथे. शिंपी पडद्यांची मापं घ्यायला आले होते आणि मापं घेत घेत कूलरपर्यंत पोचले. म्हटलं, चष्मा पडलाय, शोधतोय. चष्मा नाकावरच होता.

ते गेल्यावर मी बाईंना हात जोडले, की मी इथे आलो होतो हे कुणाला सांगू नका. त्या हसल्यासुद्धा नाहीत, याचाच मला जास्त राग आला. म्हणाल्या, "नाही सांगणार. पूर्वी इथे पालकांची सही लागायची. वर्षभरात तीन मुलं आली, त्यातल्या दोघांच्या सह्या खोट्या होत्या. आज तुमच्यामुळे तिघं परत गेली. लागण असलीच तर रोजची गोळी घेऊन माणूस नातवंडं बघतो हो, पण आधी कळायला तर हवं!" मी म्हटलं, मी त्यांना काय केलं? तर म्हणाल्या, "काही नाही. तुम्ही कुणाच्या तरी वडिलांसारखे दिसता."

घरी येऊन चिठ्ठी पोरीच्या टेबलावर ठेवली. भाषण पाठ होतं. पण चिठ्ठी बघताच ती पांढरीफटक पडली. "बाबा, तुम्ही तिथे गेलात? त्यांनी काय सांगितलं?" म्हटलं, तीन तास बसलो, एक अक्षर सांगितलं नाही! असला माजोरडेपणा मी जन्मात पाहिला नाही! आणि मी तावातावाने बोलत असताना तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला. खुर्ची ओढून बसली आणि आपणहून म्हणाली, की रिपोर्ट चांगला आहे, पण लागण कधी कधी लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं आहे. का गेली होती ते बोलली नाही. मी विचारायला तोंड उघडलं, आणि जांभई देऊन मिटलं.

तरी माझा राग कायम आहे. वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वर्तमानपत्राला लिहीत नाही. खाली नाव द्यावं लागतं.

ता. क. २. हे पत्र भावोजींना वाचून दाखवू नकोस. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलंस तर सगळ्या इमारतीला कळेल. तिच्या आईलाही बोलू नकोस. सांगायचं तर ती पोर सांगेल.

ता. क. ३. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. पुढच्या तपासणीला तिला एकटीने जायचं नाही. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही नको बाबा, आत्या चालेल." तेव्हा गुडघे दुखले तरी ये. तिला काही विचारू नकोस. आपणहून सांगितलं तर मला कळवू नकोस. फारच काही असेल तर केंद्रातून मला नुसतं 'ये' एवढंच लिहून पाठव. नको, तेही लिहू नकोस. तू फक्त तिच्या शेजारी बस.