पूर्व पट्ट्यातली मोठी शेतं

१९ एप्रिल २०२१, सोमवार
सकाळपासून अकरा फोन, सात जणांनी उचलले. पेरणी किती झाली एवढं एकच विचारायचं असतं, पण ताकास तूर लागू देतील तर शपथ. "नॉट बॅड." "गेटिंग देअर." अरे बाबांनो, नीट सांगा ना! परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉस्टेलवर पोरी म्हणायच्या, काहीच वाचलं नाही गं, तशातली गत. शेजाऱ्याला कळू नये म्हणून सगळं.

मागच्या वर्षी कोविडमुळे शेतावर जाणं बंद केलं ते बंदच. ॲडलेडमध्ये पब सुरू, फुटीच्या मॅचेस सुरू, फक्त आमची ऑफिसची गाडी बंद. बॉस लिनेट म्हणते, फोनवर भागतंय ना, मग कशाला पेट्रोल जाळायचं? म्हणून मी घरी, मॉसन लेक्सच्या बेडरूममध्ये बसून मॅली नावाच्या कोरड्या पट्ट्यातल्या वाळूचा साप्ताहिक अहवाल लिहिते. ॲग्रीचं मास्टर्स यासाठी केलं होतं.

२१ एप्रिल, बुधवार
रिपोर्ट गेला, क्लायंटना आणि माहिती देणाऱ्या शेतकऱ्यांनाही. पूर्व पट्ट्यात चारच जण बोलतात, त्यांच्यावरच भागवायचं. ट्रेव्हर (म्हातारा, लँडलाइन): जवळपास संपलं. स्कॉट (मोबाइल, कायम घाईत): आठवड्याभरात संपेल. आडनाव एकच, बापलेक असावेत, दोघंही मोठे शेतकरी. तिसऱ्याची नुकती सुरुवात. चौथी वेंडी, शेत एकटीच बघते: काहीच नाही. "पाऊस पडल्याशिवाय मी वाळूला हात लावणार नाही," म्हणाली. मागचं पीक बेताचं, शेतात धसकटंही धड उरली नाहीत. अशा जमिनीत धूळपेरणी केली आणि वारा सुटला तर बियाणं उडालंच. बरोबर बोलते बाई.

मी लिहिलं: 'पूर्व पट्ट्यातली मोठी शेतं आटोपत आली, थोडेच जण थांबलेत.' लि. खूश. क्लिअर मेसेज म्हणे.

२८ एप्रिल, बुधवार
पाऊस नाही. आईचा फोन. जतला घरटी एक आजारी. "आम्ही बरे आहोत गं," म्हणते आणि फोन बाजूला धरून खोकते. कालपासून तिकडची विमानंही बंद. समीर नवऱ्याच्या थाटात म्हणतो, चिडून काय होणार? काही होणार नाही, माहितीये. म्हणूनच चिडते.

३ मे, सोमवार
वेंडीला फोन. अर्धं शेत पेरून झालं! बार्ली.
"पण तू तर थांबणार होतीस?"
"तुमचा रिपोर्ट वाचला ना. मोठे सगळे संपवत आले आणि मी एकटी बसलेय. म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय."
आणि मी काय म्हणावं? "गुड ऑन यू!" लाज वाटते.

६ मे, गुरुवार
वारा. इथे बाल्कनीतला कपड्यांचा स्टँड आडवा झाला, तिकडे काय चाललं असेल. वेंडी फोन उचलत नाही.

ट्रेव्हरला लावला, म्हटलं काही खबर मिळेल. म्हातारा आज बोलायच्या मूडमध्ये. आमची जमीन भारी, धसकटं भरपूर, आम्हाला वाऱ्याचं काही नाही. स्कॉट बाहेर पेरणीचा सीडर धुतोय.
कुठला सीडर?
"आमचा. एकच तर आहे."
आणि शेत? तेही एकच. मी त्या दोघांची दोन शेतं धरली होती.

आमच्याकडे जतला बापलेकांचे फोन वेगळे, उत्तरं वेगळी, म्हणजे चुली वेगळ्या आणि सातबारेही वेगळे. मी इथे बसून न विचारता त्यांच्या वाटण्या करून टाकल्या. एका शब्दाने विचारलं असतं तर... मोठी शेतं नव्हतीच. एक शेत होतं, आणि तेही वाळूतलं नाही. मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

७ मे, शुक्रवार
लि.ला सांगितलं. "नो वरीज मेट, पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज आउट होईल." दुरुस्ती छापायची नाही, क्लायंट बिथरतात. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू व्हायचंय. तिने आठवण करून दिली नाही, मलाच झाली.

स. म्हणतो, तिने स्वतःच्या डोक्याने पेरलं, तू थोडंच सांगितलं होतंस. बरोबर आहे त्याचं. मग मला त्याचाच राग का आला?

८ मे, शनिवार
गेलो. पत्ता फायलीत होताच. गाडी आमची, ड्रायव्हर स., दोन तास अबोला. शेवटी शेवटी रस्त्यावर वाळूचे पट्टे, कुंपणाची खालची तार पार बुजलेली.

वेंडी दारात बघतच राहिली. साठीची असेल, फोनवर तरुण वाटायची. गाडीत घोकलेलं सगळं विसरले आणि भडाभडा बोलून टाकलं. ती म्हणाली, "ट्रेव्हर आणि स्कॉट? ते एकाच टेबलावर जेवतात. कुणालाही विचारायचंस."

पॅडॉकमध्ये, पेरलेल्या शेतात, नेलं. सखल भागात बोटाने उकरलं तर बी जागेवर, कोरडं, शाबूत. उंचवट्यावर उकरत गेले, उकरत गेले, काही नाही. पुढच्या उंचवट्यावरही नाही.
"चाळीस वर्षं ही वाळू बघतेय मी," ती म्हणाली. "आणि तुमच्या एका ओळीवर..." मला रडू आलं. ती म्हणाली चला, चहा घेऊ, आणि माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागली.

१२ मे, बुधवार
रिपोर्टची पहिली ओळ: 'दुरुस्ती. पूर्व पट्ट्यात एकच शेत आम्ही दोनदा मोजलं. वाळूच्या जमिनींवर पेरणी जेमतेम सुरू झाली होती.' लि.ला न दाखवता पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन. ओरडली नाही. "जूनमध्ये बोलू," एवढंच, आणि ठेवला. स. म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. म्हटलं, असू दे.

आईचा खोकला कमी आहे म्हणे. बाबांना विचारायला हवं.

दुपारी वेंडीचा मेसेज. रिपोर्ट वाचला म्हणे. उरलेलं अर्धं शेत पाऊस पडल्यावरच. 'उंचवट्यांचं मात्र कळत नाही. परत पेरू, की यंदा सोडून देऊ? तू बघितलंयस. तुला काय वाटतं?'

मला विचारतेय.

तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. अजून उत्तर दिलेलं नाही.