काचेपलीकडचा हात

बडोदे, सोमवार

प्रिय संयोगिता,

माझा फोन बिघडलेला नाही. तुझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून उचलत नाही. मेसेज केला तर सगळं घर वाचतं, म्हणून हे पत्र फक्त तुला.

तब्येत बरी आहे. इथल्या गोड आमटीचीही सवय झाली. आईचा गुडघा कसा आहे?

वाघोडियाच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजाने कान गेले, ते तुला ठाऊकच आहे. आत सारखी शिट्टी वाजते. सयाजीगंजच्या दवाखान्यात रोज वीस मिनिटं उपचाराचा लाल दिवा कानात घालून बसतो. डॉक्टर आधीच म्हणाले होते, "भाई, गॅरंटी नथी."

रिपोर्ट सुधारला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. तो रिपोर्ट खोटा आहे गं. कानाच्या तपासणीत आवाज आला की बोट वर करायचं असतं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचा बटणावरचा हात मला दिसत होता. तो हलला की मी बोट वर करत गेलो. ऐकू काहीच आलं नाही. काय करू? मला बरं व्हायचंच होतं.

उद्या पुन्हा तपासणी आहे. उद्या डोळे मिटून बसणार आहे.

आपल्या छोट्या सानवीला आतापासूनच पत्र लिहायला शिकव.

तुझाच,
हंबीरराव