कुकर, वेल्डर आणि देशमुखाच्या टाळ्या

हिंगोली, बुधवार, संध्याकाळ

आजच्या परिसंवादात मी गरजलो, "फोन बनवणाऱ्या कंपन्यांना इलेक्ट्रिक गाडी जमणार नाही!" मग विरुद्ध बाजूनं बोलणारा देशमुख उठला. "कुरुंद्यात हळद शिजवायचा कुकर कोणी बनवला? खिडक्यांचे गज जोडणाऱ्या वेल्डरनं! त्याला जमला न्हाई व्हय?" टाळ्या थांबेनात. कुरुंदा माझं गाव, वेल्डर माझ्या गल्लीतला. मग हे वाक्य माझं का नव्हतं?

उत्तर सुचलं ते जेवताना. फोन अडकला तर बंद करून चालू करता येतो. उतारावर ब्रेक अडकला तर? बायकोला ऐकवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली, "पण मला काहून सांगून राहिले? तिथं बोलायचं ना."

त्या टाळ्या अजून कानात आहेत. गाड्या जमणार नाहीत, हे माझं मत कायम. आणि जमल्याच, तर निदान देशमुख म्हणाला म्हणून जमू नयेत.