हात फळ्यावर दुखत नाही

४ डिसेंबर १९७८

पुन्हा नापास. अर्थशास्त्र.

निकाल शाळेच्या पत्त्यावर आला, म्हणजे आधी जयराम गुरुजींच्या हातात पडला. चौथीचा वर्ग त्यांचा, तिसरीचा माझा, मध्ये एक भिंत. बी. ए.चे बाकीचे विषय निघाले, इतिहासही निघाला. हे एकच घोंगडं तीन वर्षं भिजत पडलंय.

कारण मला ठाऊक आहे. तिसऱ्या प्रश्नाला बोटं आखडतात. अंगठा आत वळतो, पेन सुटतं. पाचवा प्रश्न दर वेळी कोरा.

गुरुजी म्हणाले, “पण बाई, इतिहासाला हात कसा नाही दुखला?”

म्हटलं, इतिहासात थोडक्यात भागतं. मान डोलावत गेले. खोचक माणूस आहे.

९ डिसेंबर

हे मनमाडहून आले. रेल्वेत फिटर आहेत, शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. निकाल सांगितला. “हातच साथ देत नाही तर तू काय करणार,” म्हणाले आणि हंडा घेऊन नळावर गेले. आता घरी असले की पाणी तेच भरणार. धुणं सासूबाईंनी घेतलंय. मी त्यांना आत्या म्हणते. माझ्या एका हाताला सगळं घर जपतंय. बरं वाटतं आणि लाजही वाटते.

१३ डिसेंबर

डॉक्टरांकडे. बोटं दाबून बघितली, वाकवून बघितली. “लिहिणाऱ्यांना होतं असं. लेखनिक घ्या. सर्टिफिकेट मी देतो.”

मी सांगणार आणि कुणी दहावीतली मुलगी लिहिणार! नको.

१९ डिसेंबर

आज एक नवल लक्षात आलं. सकाळपासून फळ्यावर लिहीत होते — कविता, पाढे, भागाकार. चार वेळा फळा भरला, चार वेळा पुसला. हात दुखला नाही. कधीच दुखत नाही! आणि घरी पोस्टकार्डाच्या दहा ओळींत बोटांचा खडा होतो.

मधल्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि हळूहळू लिहून बघितलं. खडू धरलेली बोटं नुसती बसलेली असतात. फिरतो तो हात, खांद्यापासून. कागदावर मात्र मनगट टेकवून बोटांनीच कोरत बसते.

मग कागदावर फळ्यासारखं का लिहू नये?

२० डिसेंबर

जमत नाही. कोपराने कपबशी पाडली. दोन्ही फुटली.

२ जानेवारी १९७९

रद्दीच्या पेपरावर जाड पेन्सिलीने गोळे काढते. मनगट उचललेलं, बोटं ढिली, फक्त दंड फिरवायचा. मग उभ्या रेघा. मग ग, म, भ. शाई अजून नाही.

आत्या गहू निवडत बघत होत्या. “गोल गोल काय करती गं? भाकरी थापती काय?”

म्हटलं, हाताला वळण लावतेय.

“मंग पुस्तक कवा उघडायचं?”

आधी हात, मग पुस्तक. हात नसेल तर पुस्तक काय कामाचं? त्यांना ते पटलं. मला तर पटलेलंच होतं.

२३ जानेवारी

अक्षर मोठं येतं. एका पानात सहा ओळी. दाव्यातून सुटलेल्या शेळ्यांसारखी अक्षरं. पण दुखत नाही.

११ फेब्रुवारी

आज शाईने. ही नोंद खांद्यातून लिहिली आहे. वाचता येतंय!

१२ फेब्रुवारी

दंड भरून आलाय. आत्यांनी तेल कोमट करून चोळलं. “बोटांचं दुखणं वर चढलं,” म्हणाल्या. हसू आलं.

६ मार्च

अक्षर दोन रेघांत बसायला लागलं. इतिहासाच्या जुन्या पुस्तकातली दोन पानं उतरवून काढली. बोटं ढिलीच. आणखी दोन काढली. हे घरी नव्हते, नाहीतर दाखवली असती. किती दिवसांनी इतकी खूश आहे मी.

वर्गातल्या पोरी माझं बघून हात उचलून लिहायला लागल्यात. निम्म्यांच्या वह्यांत कुत्र्याचे पाय मांजराला. गुरुजी म्हणाले, “साथ पसरली बाई.”

१७ मार्च

हायस्कूलच्या मुख्याध्यापिका भेटल्या. जूनमध्ये त्यांच्याकडे जागा होतेय. “पदवी हातात घेऊन या, मी थांबते.” रस्ताभर तेवढंच डोक्यात. हायस्कूलची बाई! आमच्या कॉलनीत अजून एकही नाही.

१८ मार्च

ह्यांना सांगितलं. संध्याकाळी गाडीला निघताना दोनदा वळून “लिही, लिही” म्हणाले.

२ एप्रिल

आज अर्थशास्त्र काढलं. मागणी आणि पुरवठा. पहिलं प्रकरण वाचून झालं. उतरवून काढायला छान आहे, वळणदार शब्द बरेच आहेत.

८ एप्रिल

जयंतीचा फलक. दर वर्षी पेंटरकडून करतात, यंदा कॉलनीतली पोरं माझ्याकडे आली — बाई, तुमचं अक्षर. विहारासमोर कापड ताणलं आणि हातभर उंचीची अक्षरं काढली, एका दमात, खांद्यातून. बायका कडेला उभ्या राहून बघत होत्या. त्यातल्या शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या, “आता हिला कोण नापास करतंय!”

दिवस त्यातच गेला. चलनवाढ उद्या.

११ एप्रिल

चलनवाढ उद्या.

१७ एप्रिल

पेपर दिला. पाचही प्रश्न!

अडीच तास झाले तरी बोटं ढिलीच. पुरवणी मागितली, आणखी मागितली. पर्यवेक्षक म्हणाले, “बाई, पुराण लिहिताय काय?” चलनवाढीवर सुचेल ते सगळं लिहिलं — रॉकेलची रांग, गोडेतेलाचा भाव, नांदगावच्या बाजारातले कांदे. तीन पानं झाली. घंटा वाजली तेव्हा माझा हात चालूच होता. पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला.

घरी येऊन रडले. आत्या घाबरल्या. म्हटलं, दुखत नाही म्हणून रडतेय.

१९ मे

सुट्टी. हायस्कूलच्या रस्त्याने उगाच गेले. फाटक बंद होतं.

२८ जून

निकाल. अर्थशास्त्र — शंभरात अठरा. ऑक्टोबरच्या परीक्षेत पाचवा प्रश्न कोरा होता, तेव्हा एकवीस होते.

गुरुजींनी पाकीट दिलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

घरी आले. चेहरा बघूनच आत्यांनी तेलाची वाटी शेगडीवर ठेवली. “परत हातानंच घात केला ना? आण इकडं.”

म्हटलं, हात बरा आहे, आत्या. मला अर्थशास्त्र येत नाही.