मागच्या रांगेतला नऊ नंबर

३ मार्च २०११, गुरुवार

म्युझियमच्या कमिटीने तो फोटो शेवटी माझ्याच गळ्यात मारला! आमच्या गावच्या रेजिमेंटचे अधिकारी, जर्मनांच्या कैदेत, बव्हेरियातला कुठलासा कॅम्प, मे १९४३. डोकी एकोणीस. मागे नावंही एकोणीस छापलीत, पण कोणतं नाव कोणाचं याचा पत्ता नाही. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाआधी जोड्या लावायच्या.

"डॉक्टर, चाळीस वर्षं तुम्ही या गावाची तोंडं बघितलीत," अध्यक्ष म्हणाले.

बघितली. पण दातांच्या खुर्चीत, उघडी! इथे अठरा जण तोंड घट्ट मिटून उभे. हसतोय तो फक्त नऊ नंबर, मागच्या रांगेतला. आणि काय दात! सलगमाच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाचे असले दात! अर्धा तास भिंग लावून बसलो. हिल्डा चहा ठेवून म्हणाली, "माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाहीस."

८ मार्च, मंगळवार

पेपरात छापून आलं आणि अख्खं गाव आलं. अल्बम, पेट्या, बिस्किटांचे डबे. एक आजी नौदलातला काका घेऊन आल्या. म्हटलं, हे सैन्याचे आहेत. "मग काय झालं? बसवा कुठेतरी," म्हणाल्या. एक गृहस्थ नुसतेच चहाला आले.

१० मार्च, गुरुवार

तीन नंबर सापडला! हनुवटीवरून. बेकरीवाल्या रॉबसनचे वडील. तीच ती हनुवटी — कपबशी ठेवता येईल अशी.

१५ मार्च, मंगळवार

आज एक बाई आल्या, मिस थर्झा ऑर्ड. सत्तरीच्या, निवृत्त ग्रंथपाल. रेनकोटची सगळी बटणं लावलेली, बोलणं हळू. यादीतले कॅप्टन लायनेल ऑर्ड त्यांचे वडील. ते युद्धावर गेले तेव्हा या तान्ह्या. फोटोनंतरच्या हिवाळ्यात ते त्याच कॅम्पात न्यूमोनियाने गेले. न्यूकॅसलचं घर बॉम्बखाली गेलं, त्यात लग्नाचे फोटोही. उरलं ते एवढंच — हाच फोटो, टपालाने आईला आलेला.

"आई रोज बघायची," त्या म्हणाल्या. "यादीत नाव आहे म्हणजे यातला एक तो असणारच. पण तिला एकही चेहरा त्याचा वाटेना. जाताना मला म्हणाली, 'थर्झा, कसली बायको गं मी! मला माझा नवरा ओळखता आला नाही.'"

आल्याची बिस्किटं पुढे केली. मग म्हटलं, शोधून देतो. शब्द देतो.

घरी आल्यावर हिल्डाला सांगितलं. ती म्हणाली, "कथबर्ट, शब्द कशाला दिलास? बिस्किटं पुरे होती की."

२२ मार्च, मंगळवार

सोळा झाले! उरले तीन चेहरे आणि तीन नावं — ऑर्ड, फेनविक, ट्रॉटर.

चेहरे असे. नऊ नंबर, दातवाला, देखणा. सतरा नंबर, कान असे की वारा सुटला तर माणूस कुंपणापलीकडे जाईल. आणि चार नंबर — टोपी पार भुवयांपर्यंत, फोटोच्या क्षणी डोळे मिटलेले.

फेनविकबाई आल्या. (टेकडीवरचं मोठं घर, तीन घोडे.) बोट थेट नऊवर. "हे आमचे आजोबा. हा रुबाब बघा."

मागोमाग खाटीक ट्रॉटर, ॲप्रनसकट. तेच बोट, तोच नंबर! "हे आमचे आजोबा. हे नाक बघा."

"नाक?" फेनविकबाई म्हणाल्या. "ट्रॉटर, तुमच्या घराण्याला नाक आहे हे आजच ऐकते."

"आहे ना. म्हणूनच तुमचे घोडे इथपर्यंत कळतात."

मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. चूक केली. माझ्या चष्म्याची काडी गेली.

२४ मार्च, गुरुवार

फेनविकबाईंनी खाटीक बदलला.

२९ मार्च, मंगळवार

निकाल दिला. कमिटीपुढे दातांवर वीस मिनिटं बोललो. फेनविक घराण्याचे तीन सुळे मी स्वतः उपटलेत! ही ठेवण, ही चमक फक्त त्यांचीच. नऊ नंबर फेनविक! सतरा ट्रॉटरला. "हे कान आमचे?" म्हणत तो पाय आपटत गेला. वर जाता जाता हिल्डाची रविवारची सॉसेजेस रद्द.

उरला चार नंबर. तो ऑर्डबाईंना दिला. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. "आई म्हणायची, त्याचे कान लहान होते. शिंपल्यासारखे."

"कान टोपीखाली आहेत," मी म्हटलं.

"हो. डोळेही मिटलेलेच आहेत," त्या म्हणाल्या. मग माझे आभार मानले. मनापासून! दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि पुन्हा मानले.

मी शोधलं नव्हतं. दोघांनी टाकलेला एक माणूस उचलून ऑर्डबाईंच्या हातात ठेवला होता.

१४ एप्रिल, गुरुवार

जर्मनीहून पाकीट! फ्राउ हानेलोरे आइग्नर म्हणून कोणी बाई. त्यांचे आजोबा त्या कॅम्पात पहारेकरी, आणि हौशी फोटोग्राफर. आमचा फोटो त्यांनीच काढलेला. बाईंना तो आमच्या वेबसाइटवर दिसला.

सोबत दुसरा फोटो. कैद्यांकडून जप्त केलेल्या वस्तू टेबलावर मांडल्यात. लाकडी किल्ल्या. चादरींचा दोर. आणि मधोमध नऊ नंबर.

नुसतं डोकं!

कागदाचा लगदा आणि प्लास्टर. केस दाढीच्या ब्रशचे. दात पियानोच्या पट्ट्या घासून केलेले. खाली झाडूच्या दांड्यावर कोट. कोणी पळालं की हजेरीला मागच्या रांगेत उभं करायचं, म्हणजे मोजणी पुरी भरते. बाईंनी लिहिलंय, "हा गृहस्थ अकरा दिवस हजेरीला उभा होता. आमच्या आजोबांनी फोटो काढताना सगळ्यांना हलू नका म्हणून दोनदा बजावलं. ते नेहमी सांगायचे, सगळ्यांत शिस्तीचा इंग्रज तोच."

वीस मिनिटं! कमिटीपुढे! पियानोच्या पट्ट्यांवर!

(काम मात्र पहिल्या दर्जाचं आहे. मी स्वतः इतकी चांगली कवळी दोनदाच केली असेल.)

हिल्डा हसून हसून जिन्यावर बसली. अजून तिथेच आहे.

१५ एप्रिल, शुक्रवार

फेनविकबाईंना फोन केला.

"आमचे आजोबा प्लास्टरचे नव्हते!"

"नव्हतेच, बाई. तेच सांगतोय."

"पण मी त्यांची मोठी फ्रेम करून जेवणघरात लावली आहे. बिशप येऊन बघून गेले!"

त्यांचे बंधू फोटो घेऊन भांडायला आले. दारातून आधी त्यांचे कान आत आले, मग ते. मी सतरा नंबर त्यांच्या शेजारी धरला. तेच कान!

सतरा फेनविक. मग ट्रॉटर? त्याच्या दुकानात गेलो. भिंतीवर नऊ फोटो — लग्न, नाताळ, सॉसेजच्या स्पर्धेचं बक्षीस. एकातही त्याचे डोळे उघडे नाहीत.

"बाबांचंही तेच," तो म्हणाला. "आजी म्हणायची, आजोबांचं तर विचारूच नका." चार नंबर समोर ठेवला. ॲप्रनला हात पुसून म्हणाला, "असू द्या. प्लास्टरचा तरी नाही." सॉसेजेस पुन्हा सुरू.

घरी येताना पुलावर थांबलो. चेहरे अठरा, त्या अठरांना नावं लागली. यादीत नावं एकोणीस. मग एकोणिसावं —

१९ एप्रिल, मंगळवार

ऑर्डबाई आल्या. मी त्यांच्याकडून चार नंबर परत मागितला, माफी मागितली. मग सांगितलं — तुमचे वडील या फोटोत नाहीत. नऊ नंबर त्यांच्या जागी उभा होता. त्या दिवशी ते तारांच्या बाहेर, कुठेतरी रस्त्यावर होते. अकरा दिवस, पकडले जाईपर्यंत.

त्यांनी रेनकोटची बटणं एक एक करून सोडली, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"म्हणजे आईने बरोबर ओळखलं होतं," म्हणाल्या.