साखरेचा आजार, पहा: मधुमेह

१२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? आईनं तेल पाठवलं होतं, ते लावतेस की कपाटात शोभेला ठेवलंयस?

आता कामाचं. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्यांची चरित्रं जमवून पुस्तक करायचं काम माझ्याकडे आलंय. यादीत चौथं नाव बघते तर काय, तू! अगं बये, घरात एवढी मोठी असामी आणि आम्ही तुला नुसती स्वेटर विणणारी समजत होतो. तुझा तो ग्रंथालयाच्या सूचीतल्या ‘पहा’ कार्डांवरचा लेख अजून शिकवतात म्हणे. वाचकाच्या तोंडचा शब्द आपल्या कार्डावर नसेल, तर त्याच्याही शब्दाचं एक कार्ड करायचं आणि त्याला योग्य जागी धाडायचं. हे तुला सुचलं कसं, ते सविस्तर लिही. आढेवेढे घेऊ नकोस, महिनाअखेर मजकूर छापायला जायचाय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भाची,
ठकू

१९ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेल कपाटातच आहे. आईला सांगू नकोस.

ठके, ते मला सुचलंच नव्हतं. ग्रंथालयात माझ्या शेजारच्या टेबलावर कार्डं टाइप करणारी एक होती, तिला आम्ही टकटक म्हणायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ बायकोसाठी ‘साखरेचा आजार’ शोधत आले. ‘स’च्या कार्डांचा अख्खा खण उपसला आणि हात हलवत परत गेले. आमच्याकडे ‘मधुमेह’ या शब्दाखाली चाळीस पुस्तकं होती! मी म्हटलं, त्यांनी नीट विचारायला नको का? टकटक म्हणाली, की चूक त्यांची नाही, आपली आहे. ती बसथांब्यापर्यंत धावत गेली, पण ते निघून गेले होते. त्याच दुपारी तिनं पहिलं कार्ड टाइप केलं: साखरेचा आजार, पहा: मधुमेह. मग वाचकांच्या शब्दांची वहीच घातली. वर्षभरात सहाशे कार्डं झाली.

लेख मी लिहिला. वर दोघींची नावं होती. आमचे प्रमुख म्हणाले, टायपिस्टचं नाव बरं दिसत नाही. मी मान डोलावली. आणि कहर म्हणजे, तिचं नाव काढलेली प्रत टाइप करायला तिच्याच टेबलावर ठेवली, एक शब्द न बोलता. तिनं एकही चूक न करता ती टाइप केली. पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेली. एकतीस वर्षं झाली. मला फार लाज वाटते गं.

माझं प्रकरण काढ आणि तिचं घाल. खटपट करून तिचा पत्ता मिळवला आहे. आजच तिला पत्र टाकलं, सगळं लिहिलं, माफी मागितली.

मावशीला टाकू नकोस.
तुझी मावशी

२७ जून

मा. बाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही ‘अगं टकटके’ लिहिलंत. मला मात्र ‘अगं’ लिहायला हात धजत नाही, राग मानू नये. बोटं आखडतात, म्हणून अक्षर असं आलंय.

पुस्तकात माझं नाव नको. नोकरी का सोडली असं घरचे विचारायचे, तेव्हा कंटाळा आला असं सांगून वेळ मारून नेली. पुढे मुलगी हाच विषय शिकली. तुमचा लेख वाचून मला म्हणाली, की आई, तू यांच्या शेजारी बसायचीस! केवढी हरखली होती. मी हो म्हटलं आणि हसले. आज ती हेच शिकवते, वर्गात तुमचं नाव घेते. इतकी वर्षं खोटं बोलले, हे आता तिला कुठल्या तोंडानं सांगू?

नाव गेल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं, खरंच. पण तुम्ही कागद ठेवून पाठ फिरवलीत. दोन मिनिटं शेजारी बसून सांगितलं असतंत, की बाई गं, असं असं आहे, तर मीच हसत खोडलं असतं.

लोभ होता. कळावे,
टायपिस्ट